जयवंतचे चारशे बारा

बोरीवली (पूर्व)
रविवार, ५ जानेवारी १९८६

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू उत्तराला घेऊन गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. माझी कथा छापून आलेला दिवाळी अंक तू टेबलावर जिथे आपटलास तिथेच पडून आहे. तुझी आई तो उचलत नाही आणि मलाही उचलू देत नाही. काल मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. येताजाता दिसू दे तुम्हाला."

मी रागाने लिहीत नाही. चौतीस वर्षं वर्गात मराठी शिकवलं, राग बाहेर ठेवून बोलायची सवय आहे. पण तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र.

कथेत तुझा जयवंत नाही. कथेत माधव आहे. माधव फिटर आहे, त्याला एक मुलगी आहे आणि तो संध्याकाळी इस्पितळाच्या खाटेवर मरतो, एवढं साम्य मला मान्य आहे. पण कथेतला माणूस कथेतलाच असतो गं. सांगलीच्या एका बाईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "तुमचा माधव आमच्या घरात वावरतो. परवा चहा गाळताना मी त्याच्यासाठी एक कप जास्त टाकला." अशी अकरा पत्रं आली. 'दोन ओंजळी संध्याकाळ' पहिली घालून संग्रह काढू, असं एक प्रकाशक म्हणतो आहे. नुसत्या शाईतून एवढा माणूस उभा राहिला, तर त्यात मी गुन्हा काय केला?

उत्तराच्या बाईंनी ती कथा सहावीच्या वर्गात मोठ्याने वाचली, हे वाईट झालं. त्यांना वाटलं, विद्यार्थिनीच्या आजोबांची कथा, पोरीला अभिमान वाटेल. उत्तरा उभी राहून म्हणाली, "माझे पप्पा असं बोलले नव्हते." बाई म्हणाल्या, "अगं, कथेत चालतं तसं." आणि वर्ग हसला. हे तू सांगितलंस तेव्हापासून तो हशा मला ऐकू येतो. वर्गाचा हशा कसा असतो हे मला ठाऊक आहे.

पण तू जे म्हणालीस ते जास्त लागलं. "जिवंत होता तेव्हा तुम्ही त्याला नापास केलंत, बाबा. मेल्यावर त्याच्याकडून दोन ओळी पाठ करून घेतल्यात आणि पास केलंत."

असो.

उत्तराची एक वस्तू इथे राहिली आहे. गादी आणि भिंत यांच्या फटीत सापडली. तुझ्या दिराने मस्कतहून आणलेला तो हातात मावणारा व्हिडिओ गेम. चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा. काचेत पूर आलेला आहे, दोन बाजूंना बुडत चाललेली घरं, छपरांवर माणसं, आणि खाली होडीत एक नावाडी. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. सगळं इतकं पुसट झालं आहे, की उन्हात तिरकं धरावं लागतं. तिरकं धरलं की मात्र गंमत दिसते. नावाडी जिथे जिथे जाऊ शकतो त्या सगळ्या जागी त्याची फिकट आकृती आधीच छापलेली आहे. जणू आयुष्यभर कुठे उभं राहायचं ते त्याला नेमून दिलं आहे.

पाठवण्याआधी ठीकठाक करून घेतो.

तुझा,
बाबा


बोरीवली
रविवार, १९ जानेवारी

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, पण उत्तराचं कार्ड काल आलं. तिने तुला दाखवून टाकलं की चोरून, ते माहीत नाही. म्हणून मजकूर जसाच्या तसा उतरवतो.

"आजोबा, माझा नावाडी तुमच्याकडे राहिला आहे का? तो पुसट दिसत असेल तरी त्याचे सेल बदलू नका. सेल काढले की आतलं सगळं जातं. त्यात पप्पांचे ४१२ आहेत. डावीकडचं बटण दाबून धरलं की दिसतात. ४१२ ला आमच्याकडे लाइट गेले आणि पप्पांना दिसेना म्हणून माणसं बुडाली, नाहीतर पाचशे झाले असते. पप्पा मधेच कधी उठायचे नाहीत. मम्मी जेवायला हाक मारायची तर म्हणायचे, थांब, छपरावर माणसं आहेत. मी तुमच्याशी अजून बोलत नाही. उत्तरा जयवंत परब."

तिला सांग, नावाडी सुखरूप आहे आणि चारशे बारा जागच्या जागी आहेत. टपालात पार्सलं आपटतात, म्हणून दहाबारा दिवस माझ्याकडेच ठेवतो. कुणी तिकडे येणारं मिळालं की पाठवीन.

हल्ली तो माझ्या टेबलावर घड्याळासारखा उभा असतो. खेळायचं नसेल तेव्हा कोपऱ्यात वेळ दाखवतो आणि नावाडी आपला आपणच होडी हाकत राहतो. मी दाढी करतो, पेपर वाचतो, दुपारी लवंडतो. मान वळवली की हा एकेकाला झेलून काठावर उतरवतो आहेच. कुणी बघत नाही, गुण मिळत नाहीत. तुझी आई म्हणते, "तुमच्यापेक्षा तो बरा. तोंड नाही त्याला, पण काम करतो."

यावरून आठवलं. बहात्तर साली तू जयवंतला पहिल्यांदा घरी आणलंस. तुमच्या भांडुपच्या कंपनीतला फिटर, तू तिथे ऑफिसात टायपिस्ट. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेनाऐवजी तेलाची चपटी बाटली. मी विचारलं, "कविता कोणती पाठ आहे?" मी सगळ्यांनाच विचारायचो गं. शाळेतल्या कविता ज्याच्या ओठांवर राहिल्या, त्याचं मन ओलं राहिलं, असं मी मानत आलो. अजूनही सकाळी चार वाजता जाग आली की चाळीस पोरं एका चालीत म्हणताहेत असं वाटतं, खिडकीबाहेर चिंच हलते आहे, आणि मी पुन्हा तिशीचा.

जयवंतने वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय येत, सर." आणि जरा थांबून, "तुमचा पंखा खडखडतो. बघू?"

मी कविता विचारली आणि याने पंखा उघडला! मी तुझ्या आईला आत जाऊन म्हटलं, "शब्द नाहीत त्याच्याकडे. तेरा मिनिटांत तीन वाक्यं बोलला." ती म्हणाली, "मोजलीत?" मी खरंच मोजली होती.

तो पंखा आज चौदा वर्षं आवाज न करता फिरतो आहे. हे मी आत्ता, लिहिताना, मान वर करून बघितलं.

बाबा


बोरीवली
रविवार, १६ फेब्रुवारी

चि. मृणालिनीस,

तुझं कार्ड मिळालं. "उत्तराचा खेळ पाठवा. दुसरं काही लिहू नका." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र माझ्या वळणाचं. 'ळ' ची गाठ मी तुला पाटीवर हात धरून शिकवली होती.

खेळ पाठवतो. थोडे दिवस दे. माझा त्याच्यात जीव रमला आहे, म्हातारपणी माणसाला काही ना काही लागतं. मी नुसता बघतो असं नाही, थोडा खेळतोही. काल दोनशे त्र्याऐंशी झाले. तेवढ्याने उत्तराच्या आकड्याला धक्का लागत नाही, काळजी नको.

तुझी आई म्हणते, "अहो, डोळे जातील. गच्चीवर बसून टिवटिव टिवटिव करता, खालच्या माणिकबाई विचारत होत्या, मास्तरांनी पाखरू पाळलंय का." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला नाही कळायचं? जयवंत आला की या घरातली दारं कुरकुरायची थांबायची, ते मला कळायचं. तुम्हाला कधी कळलं का? तुमची खुर्ची डगमगायची थांबली ती काय तुमच्या श्लोकांनी?"

मी खुर्ची उलटी करून पाहिली. एका पायाखाली रबराचा तुकडा गोल कापून, खिळा मारून बसवला आहे. खिळ्याचं डोकं आत ठोकलं आहे, फरशीवर चरा उठू नये म्हणून. कधी केलं असेल त्याने? मी तेव्हा घरातच असणार. बहुधा या खुर्चीवरून उठून, दुसऱ्या खुर्चीवर बसून त्याला काहीतरी ऐकवत असणार.

सांगलीच्या बाईंना मी उत्तर लिहिलं नाही. त्यांचा माधव चहा पितो. माझ्या जावयाला चहा चालायचा नाही, ॲसिडिटी होती, तो ताक घ्यायचा. कथेत मी त्याला तीनदा चहा पाजला आहे.

आपल्या गच्चीवरून डोंगर दिसतो. तुमचं मुलुंड त्याच्याच पलीकडे. पक्ष्याला अर्धा तास पुरेल. आपल्याला मात्र खाली दादरपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा वर यावं लागतं. मी रोज त्या डोंगराकडे तोंड करून बसतो आणि खेळतो.

बाबा


बोरीवली
२३ मार्च

चि. मृणालिनीस,

खेळ पाडव्यापर्यंत नक्की. आईचा गुडघा बरा आहे.

तीनशे नव्वद.

बाबा


बोरीवली
शनिवार, १२ एप्रिल

चि. मृणालिनी,

हे पत्र तुझी आई तुझ्या हातात देईल. सोबत खेळ आहे, आणि उत्तराचं ते कार्डही परत पाठवतो आहे. आधी सगळं वाच, मग तिला काय सांगायचं ते तू ठरव.

मी तुला खोटं लिहिलं. चारशे बारा जागच्या जागी नव्हते. तिचं कार्ड आलं त्याच्या बारा दिवस आधीच ते गेले होते.

पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खेळ घेऊन स्टेशनाजवळच्या नंदकुमार घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने चिमट्याने जुने सेल काढले, नवे घातले, आणि नावाडी असा काळाभोर उमटला की मी दुकानात टाळी वाजवली. घरी येऊन तुझ्या आईला दाखवला. मी काहीतरी चांगलं केलं, या आनंदात होतो. पोर उघडेल आणि म्हणेल, आजोबांनी नवा करून दिला.

कार्ड वाचलं आणि डावीकडचं बटण दाबून धरलं. शून्य.

नंदकुमारकडे धावत गेलो. तो म्हणाला, "मास्तर, सेल काढला की याला काही आठवत नाही. आधी बोलायचं ना." मी म्हटलं, "काही उपाय?" तर हसला. "आकडाच पाहिजे ना? तेवढे करा आणि सोडा. कोणाला कळतंय?"

मलाही तेच वाटलं. चारशे बारा म्हणजे चारशे बारा, त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. मी ते करीन, बरोबर तेवढ्यावर थांबेन, आणि उत्तरा बटण दाबील तेव्हा तिला तिच्या पप्पांचे चारशे बारा दिसतील. तीन महिने मी त्यासाठी गच्चीवर बसलो. टपाल, पार्सल, जीव रमला, सगळ्या सबबी होत्या.

परवा पाडव्याला दुपारी तो आकडा आला.

तुला हा खेळ माहीत असेल, तरी सांगतो. एकेक माणूस छपरावर येतं, हात वर करतं आणि उडी मारतं. खाली होडी असली तर एक गुण. नसली तर ते बुडतं. तीन बुडाले की डाव संपतो, आणि संपला तरच आकडा आत राहतो. मधे सोडून दिला तर राहत नाही. म्हणजे चारशे बारावर थांबायचं तर उरलेली माणसं मुद्दाम बुडवायची. हा हिशोब मी आधीच करून ठेवला होता. ठिपके तर आहेत, म्हटलं.

चारशे बारा झाले तेव्हा माझ्या हातून एकच बुडालेला होता. अजून दोन हवे होते. मी दोन्ही अंगठे उचलले आणि खेळ मांडीवर ठेवला. डावीकडच्या छपरावरून एकाने उडी मारली. नावाडी उजवीकडे उभा, तोंड नसलेला. तो माणूस तीन टप्प्यांत खाली आला आणि पाण्यात गेला. एक बारीक टिव झालं.

मग दुसरा छपरावर आला. त्याने हात वर केला.

मृणाल, मी सांगतो त्यावर हसू नकोस. मला कळतही होतं, की हा छापलेला आहे, याने हात वर केला नाही, याला हात वर केलेलाच छापला आहे. पण माझा अंगठा खाली गेला. मी नेला नाही. होडी सरकली, तो आत पडला, चारशे तेरा. लगेच तिसरा आला, त्याचाही हात वर. आणि माझ्या तोंडातून गच्चीवर एकट्याने मोठ्याने निघालं, "थांब, आलो." खालून तुझी आई पुरणपोळी गार होते म्हणून हाका मारत होती आणि मी ओरडलो, "थांब गं, छपरावर माणसं आहेत!"

ती वर आली आणि बघत उभी राहिली. घामाने अंगठा घसरला तेव्हा चारशे छत्तीस झाले होते.

नंतर मी तिला सगळं सांगितलं. ती कठड्याला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "दोन ठिपके बुडवता येईनात तुम्हाला. आणि जयवंतला किती सहज मारलात हो त्या कथेत. वर कविता म्हणायला लावलीत."

मी माधवला कसं मारलं ते मला चांगलं आठवतं. रविवारची सकाळ होती. 'दिवा मालवावा, उरावी निळाई, असे शांत जावे, जणू झोप येई' या दोन ओळी मला सुचल्या आणि वृत्त चोख जमलं म्हणून मी खूश झालो. खरं तर ओळी आधी सुचल्या. त्या म्हणायला मला एक मरणारा माणूस हवा होता, आणि घरात नुकताच एक मेला होता.

तो खरा काय म्हणाला होता ते तू त्या दिवशी अंक आपटताना सांगितलंस. इस्पितळात तू धावत पोचलीस, त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "गॅस बंद केलास ना?" तू हो म्हणालीस आणि त्याने डोळे मिटले. हे तू ओरडून सांगितलंस, आणि त्या वेळीसुद्धा माझ्या मनात काय आलं माहीत आहे? की हे कथेत चाललं नसतं.

प्रकाशकाला परवाच कळवलं, संग्रह काढायचा नाही. ते मोठं काही केलं असं समजू नकोस. छापलेला अंक मी सांगलीहून परत आणू शकत नाही, आणि सहावीच्या वर्गातला तो हशाही नाही.

चारशे छत्तीस मी ठेवले नाहीत. उत्तराने बटण दाबावं आणि माझा आकडा दिसावा, हे नको. सेल काढून पुन्हा घातले. आता शून्य आहे. जयवंतचे चारशे बारा फक्त तिच्या कार्डावर उरले आहेत, तिच्या अक्षरात, लाइट गेल्यामुळे पाचशे कसे हुकले त्यासकट. जयवंतबद्दल लिहिलेला, सगळाच्या सगळा खरा असा तेवढा एकच कागद माझ्या घरात होता. तो तुम्ही जपून ठेवा.

उत्तराने माझ्याशी बोलावं असं मी म्हणत नाही. ती बोललीच तर तिचा पप्पा कसा होता ते मी ऐकेन. लिहिणार नाही.

तुझी आई पायात चपला घालून दारात उभी आहे. मी तिला स्टेशनापर्यंत सोडायला जातो आहे, पाकीट डकवायचं बाकी आहे. तिने आत्ता तिथूनच विचारलं, "अहो, गॅस बंद केलात का?"

चाळीस वर्षं ही मला घरातून निघताना हे विचारते. मी याला बोलणं म्हणून कधी धरलंच नव्हतं.

उठून बघून आलो. बंद आहे.

बाबा